दोन बिंदूंची रेषा आणि तिसऱ्याची साक्ष

बँकांचे वार्षिक अहवाल, वृत्तपत्रांतील अर्थविषयक पाने, गुंतवणूक योजनांची माहितीपत्रके आणि अलीकडे मोबाइलचा पडदा, अशा सर्वच ठिकाणी आलेख सर्रास आढळतात. आकड्यांचे लांबलचक रकाने वाचून डोळे थकतात. वर चढणारी किंवा खाली उतरणारी रेषा मात्र एका दृष्टिक्षेपात आशय पोचवते. तथापि, रेषा वर जात आहे एवढे कळणे पुरेसे नसते. ती कोणत्या दराने वर जात आहे, कोठून निघाली आहे आणि पुढेही तशीच जाईल का, हे प्रश्न व्यवहारात महत्त्वाचे असतात. यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे रेषेच्या समीकरणात मिळतात. तिसऱ्या प्रश्नासाठी थोडी अधिक सावधगिरी लागते.

या विषयाचे व्यावहारिक मोल एका नेहमीच्या शंकेवरून ध्यानात येते. गृहकर्जाची निम्मी मुदत संपल्यावर खातेउतारा पाहणारा कर्जदार हमखास विचारतो, "वर्षे निम्मी सरली, मग कर्ज निम्मे का झाले नाही?" या प्रश्नामागे मनात नकळत ओढली गेलेली एक सरळ रेषा असते. ती रेषा कागदावर उतरवून तिचे समीकरण मांडता आले, तर शंकेचे निरसन कर्जदार स्वतःच करू शकतो. त्यासाठी शालेय गणितातील बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार एवढी सामग्री पुरते.

आलेखाची परंपरा

फ्रेंच तत्त्वज्ञ व गणिती रेने देकार्त यांचा 'ला जिओमेत्री' हा प्रबंध १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. भूमितीतील आकृती बीजगणिताच्या समीकरणाने व्यक्त करता येते, हा विचार त्यातून रुजला. त्याच काळात पिएर द फेर्मा हेही स्वतंत्रपणे याच दिशेने विचार करीत होते. एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन अक्ष आणि त्यांच्या आधारे प्रत्येक बिंदूला मिळणारी दोन आकड्यांची ओळख, हे आज परिचित असलेले स्वरूप त्यानंतर हळूहळू रूढ झाले.

व्यापार व अर्थकारणात आलेखाचा पद्धतशीर वापर करण्याचे श्रेय स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांच्याकडे जाते. १७८६ मध्ये प्रकाशित झालेल्या 'द कमर्शियल अँड पोलिटिकल अॅटलस' या ग्रंथात त्यांनी इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेषांच्या रूपाने मांडले. आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर रक्कम, ही त्यांची मांडणी आजही बँकांच्या अहवालांत जशीच्या तशी दिसते.

रेषेची ओळख सांगणारे दोन आकडे

आलेखाच्या आडव्या अक्षाला क्ष-अक्ष आणि उभ्या अक्षाला य-अक्ष म्हणतात. उभी सोडून कोणतीही सरळ रेषा पुढील एकाच साच्यात बसते :

य = म × क्ष + क

यातील 'म' हा रेषेचा चढ होय. क्ष एका एककाने वाढला असता य कितीने बदलतो, हे तो सांगतो. 'क' हा रेषेचा य-अक्षावरील अंतःखंड होय. क्ष शून्य असताना य किती असतो, हे त्यावरून कळते. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर चढ म्हणजे दर आणि अंतःखंड म्हणजे आरंभीची रक्कम. हे दोन आकडे हाती आले की अमर्याद लांबीच्या रेषेवरील प्रत्येक बिंदू हाती येतो.

सरळ व्याजाचे उदाहरण घेतल्यास हा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १,००,००० रुपये दरसाल ७ टक्के सरळ व्याजाने ठेवले, तर आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर एकूण रक्कम घेऊन काढलेली रेषा य-अक्षाला १,००,००० रुपयांवर छेदते आणि दर वर्षी ७,००० रुपयांनी वर चढते. तिचे समीकरण य = ७,००० × क्ष + १,००,००० असे होते. येथे अंतःखंड म्हणजे मुद्दल आणि चढ म्हणजे वार्षिक व्याज.

चढाला नेहमी एकक असते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. उभ्या अक्षाचे एकक भागिले आडव्या अक्षाचे एकक, असे ते ठरते. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांच्या वाटचालीचा जो तक्ता ठेवतात, त्यात वेळ व स्थानकांची अंतरे यांच्या आधारे प्रत्येक गाडीची एक रेषा असते. वेळ आडव्या अक्षावर व अंतर उभ्या अक्षावर घेतले, तर त्या रेषेचा चढ म्हणजे गाडीचा वेग होय. गाडी थांबली की रेषा आडवी होते, म्हणजेच चढ शून्य होतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या प्रवासी गाडीने सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर ५७ मिनिटांत कापले. या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेचा चढ मिनिटाला सुमारे ०.६ किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे ३६ किलोमीटर इतका येतो. मात्र ही सरासरी गती आहे. वाटेत गाडी कोठे रेंगाळली आणि कोठे धावली, हे दोन टोकांच्या रेषेवरून कळत नाही. या मर्यादेचा विचार पुढे कर्जाच्या संदर्भात पुन्हा करावा लागेल.

आलेखावरून समीकरण : एक सोडवलेले उदाहरण

समजा, एका लघुउद्योजकाला आपल्या मालाची माहितीपत्रके छापून घ्यायची आहेत. मुद्रणालयाने दरपत्रकात आकड्यांऐवजी आलेख दिला आहे. आडव्या अक्षावर प्रतींची संख्या आणि उभ्या अक्षावर एकूण खर्च रुपयांत आहे. रेषा सरळ असून २०० प्रतींवर १,९०० रुपये आणि ६०० प्रतींवर ३,७०० रुपये असे दोन बिंदू तिच्यावर स्पष्ट वाचता येतात.

येथे पहिला मोह होतो तो सरळ भागाकाराचा. १,९०० भागिले २०० म्हणजे प्रतीला ९ रुपये ५० पैसे. ३,७०० भागिले ६०० म्हणजे प्रतीला सुमारे ६ रुपये १७ पैसे. रेषा एकच असताना दोन वेगळे दर आले. दर खरोखरच एक असेल तर ते शक्य नाही. या विसंगतीचे कारण असे की, एकूण खर्चात प्रतींच्या संख्येवर अवलंबून नसलेली एक रक्कम दडलेली आहे. अक्षरजुळणी, प्लेट तयार करणे आणि यंत्र मांडणे यांचा खर्च एक प्रत छापली तरी तेवढाच आणि हजार छापल्या तरी तेवढाच येतो. म्हणून दर काढताना पूर्ण रकमांचा भागाकार न करता त्यांतील फरकांचा भागाकार करावा लागतो.

पहिली पायरी चढ काढण्याची. खर्चातील फरक ३,७०० − १,९०० = १,८०० रुपये. प्रतींतील फरक ६०० − २०० = ४००. म्हणून म = १,८०० ÷ ४०० = ४.५०. याचा अर्थ, प्रत्येक जादा प्रतीमागे ४ रुपये ५० पैसे पडतात. वजाबाकीचा क्रम वर व खाली एकच असावा. वर दुसऱ्यातून पहिला आणि खाली पहिल्यातून दुसरा वजा केल्यास चिन्ह उलटे येते आणि चढणारी रेषा उतरती ठरते.

दुसरी पायरी अंतःखंडाची. कोणताही एक बिंदू घ्यावा. २०० प्रतींचा दरानुसार खर्च ४.५० × २०० = ९०० रुपये होतो. प्रत्यक्षात १,९०० रुपये लागतात. म्हणून क = १,९०० − ९०० = १,००० रुपये. ही झाली छपाईपूर्व तयारीची ठरावीक रक्कम. रेषेचे समीकरण :

य = ४.५० × क्ष + १,०००

तिसरी पायरी पडताळणीची. पडताळणीसाठी समीकरण काढताना वापरलेले बिंदू घेऊ नयेत, कारण आकडेमोड बरोबर असेल तर ते जुळणारच. तिसरा, नवा बिंदू आलेखावर वाचावा. १,००० प्रतींसाठी समीकरण ४,५०० + १,००० = ५,५०० रुपये सांगते. आलेखावरही १,००० प्रतींच्या वर रेषा ५,५०० रुपयांवरच असेल, तर समीकरण विश्वासार्ह मानावे. तसे नसेल, तर एकतर बिंदू वाचताना चूक झाली आहे किंवा रेषा वाटते तेवढी सरळ नाही.

या छोट्या समीकरणावरून उद्योजकाला निर्णय घेता येतो. २०० प्रतींच्या दोन स्वतंत्र मागण्या दिल्यास १,००० रुपयांची तयारी दोनदा भरावी लागून खर्च ३,८०० रुपये होतो; ४०० प्रती एकदम घेतल्यास तो २,८०० रुपयांत भागतो. आलेखावर केवळ नजर टाकून हा हजाराचा फरक सहसा उमगत नाही.

बिंदू कसे निवडावेत

रेषेवरील कोणतेही दोन बिंदू गणिताच्या दृष्टीने सारखेच उपयोगी असले, तरी कागदावरील आलेख वाचताना तसे नसते. रेषा जेथे आलेखाच्या चौकटीतील आडव्या व उभ्या रेघांच्या छेदावरून जाते, असे बिंदू प्रथम शोधावेत. तेथे दोन्ही आकडे अंदाज न करता वाचता येतात.

दुसरे म्हणजे बिंदू एकमेकांपासून शक्य तितके दूर असावेत. वरील उदाहरणात प्रत्येक बिंदूचा खर्च वाचताना १०० रुपयांची चूक होऊ शकते असे मानले, तर दोन्ही चुका विरुद्ध दिशेने झाल्यास फरकात २०० रुपयांची चूक शिरते. बिंदूंमध्ये ४०० प्रतींचे अंतर असल्यास चढ ५० पैशांनी चुकेल. अंतर १०० प्रतींचेच असल्यास तो २ रुपयांनी चुकेल. वाचनातील चूक तेवढीच राहून निष्कर्षातील चूक चौपट होते.

डावी कड म्हणजे शून्य नव्हे

अंतःखंड वाचण्याची सोपी रीत म्हणजे रेषा य-अक्षाला जेथे छेदते तो आकडा पाहणे. परंतु ही रीत आडवा अक्ष शून्यापासून सुरू होत असेल तरच लागू पडते. अनेक छापील आलेखांत डावीकडची उभी रेघ शून्यावर नसते.

घरोघरी असणाऱ्या ज्वरमापकाचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. त्यावर सेल्सिअस व फॅरनहाइट अशा दोन्ही पट्ट्या असतील, तर त्यांचा संबंध सरळ रेषेने दाखवता येतो. ज्वरमापकाला मानवी शरीराच्या तापमानाशीच कर्तव्य असल्याने असा आलेख ३५ अंश सेल्सिअसपासून काढला जाईल. त्याच्या डाव्या कडेवर रेषा ९५ अंश फॅरनहाइट दाखवील. घाईने ९५ हाच अंतःखंड मानला, तर पुढचे सारे गणित बिघडेल. योग्य रीत अशी : ३५ अंशांवर ९५ आणि ४० अंशांवर १०४ हे दोन बिंदू घ्यावेत. चढ = (१०४ − ९५) ÷ (४० − ३५) = ९ ÷ ५ = १.८. अंतःखंड = ९५ − १.८ × ३५ = ९५ − ६३ = ३२. समीकरण य = १.८ × क्ष + ३२. पडताळणीसाठी ३७ अंश सेल्सिअस घेतल्यास ६६.६ + ३२ = ९८.६ येतात, हा आकडा प्रत्येक कुटुंबाला परिचित आहे. अंतःखंड आलेखाच्या कागदाबाहेर असला, तरी तो अशा रीतीने अचूक काढता येतो.

उभ्या अक्षाबाबतही हीच दक्षता हवी. उभा अक्ष शून्याऐवजी एखाद्या मोठ्या आकड्यापासून सुरू केला किंवा त्याचे प्रमाण ताणले, तर मामुली वाढही उत्तुंग भासते. समजा, एखादी रक्कम १००वरून १०४ झाली आणि उभा अक्ष १०० ते १०५ एवढाच दाखवला, तर रेषा आलेखाची जवळजवळ सगळी उंची व्यापते. तोच अक्ष शून्य ते १०५ असा घेतला, तर ती जेमतेम चढलेली दिसते. दोन्ही आलेख खरे आहेत आणि दोन्हींचे समीकरण एकच आहे. डोळ्यांना दिसणारा कोन अक्षांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. आकड्यांवरून काढलेला चढ त्या प्रभावापासून मुक्त असतो. म्हणूनच गुंतवणुकीच्या माहितीपत्रकातील रेषेच्या उभेपणावर न जाता दोन बिंदूंचे आकडे वाचून दर काढणे हिताचे ठरते.

उतरती रेषा : घसारा

लेखाशास्त्रातील सरळ रेषा पद्धतीच्या घसाऱ्याला हे नाव त्याच्या आलेखावरूनच मिळाले आहे. मालमत्तेचे मूल्य दर वर्षी ठरावीक रकमेने कमी होते आणि मूल्याचा आलेख उतरत्या सरळ रेषेत येतो. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण फर्निचरचे उपयुक्त आयुष्य १० वर्षे दिलेले आहे आणि अवशिष्ट मूल्य सामान्यतः मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक धरले जात नाही.

समजा, एखाद्या कंपनीच्या फर्निचरच्या आलेखावर २ वर्षांनंतर १,६२,००० रुपये आणि ७ वर्षांनंतर ६७,००० रुपये मूल्य वाचले. चढ = (६७,००० − १,६२,०००) ÷ (७ − २) = −९५,००० ÷ ५ = −१९,०००. उणे चिन्ह दर वर्षी होणारी घट दाखवते. अंतःखंड = १,६२,००० + १९,००० × २ = २,००,००० रुपये. म्हणजे खरेदीची पावती समोर नसतानाही आलेखावरून मूळ किंमत कळली. समीकरण य = २,००,००० − १९,००० × क्ष. दहाव्या वर्षाच्या अखेरीस ते १०,००० रुपये, म्हणजे मूळ किमतीच्या नेमके ५ टक्के देते.

हेच समीकरण अकराव्या वर्षासाठी वापरले तर उत्तर उणे ९,००० रुपये येते. फर्निचरचे मूल्य शून्याखाली जाऊ शकत नाही, हे उघड आहे. प्रत्येक समीकरणाबरोबर ते कोठपासून कोठपर्यंत लागू आहे हेही लिहिले पाहिजे. येथे ते ० ते १० वर्षे एवढेच लागू आहे.

गृहकर्जाची रेषा खरोखर रेषा आहे काय?

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या शंकेकडे वळता येईल. समजा, २०,००,००० रुपयांचे गृहकर्ज दरसाल ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले आहे आणि व्याजदर संपूर्ण मुदतीत तोच राहतो. मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. आडव्या अक्षावर वर्षे व उभ्या अक्षावर कर्जाची शिल्लक घेतली, तर दोन बिंदू सर्वांनाच ठाऊक असतात : आरंभी २०,००,००० आणि २० वर्षांनी शून्य. या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ वर्षाला −१,००,००० रुपये आहे. तिच्यानुसार १० वर्षांनी १०,००,००० रुपये शिल्लक राहायला हवेत. कर्जदाराच्या मनातील रेषा ती हीच.

तिसरा बिंदू मात्र या रेषेच्या बाजूने साक्ष देत नाही. परतफेडीच्या वेळापत्रकात १२० हप्ते भरल्यानंतरची शिल्लक सुमारे १४,२०,५०० रुपये असते. रेषेने सांगितलेल्या आकड्याहून ती चार लाखांहून अधिक आहे. शिल्लक निम्म्यावर येण्यास साधारण १४ वर्षे लागतात.

उलट, पहिल्या दोन वर्षांचे उतारे पाहून रेषा ओढणारा वेगळ्याच निष्कर्षाला येतो. दोन वर्षांनंतर शिल्लक सुमारे १९,२१,६०० रुपये असते. म्हणजे वर्षाला सरासरी ३९,२०० रुपयांची घट. याच चढाने कर्ज फिटायला सुमारे ५१ वर्षे लागतील, असे समीकरण सांगते. कर्ज तर २० वर्षांतच फिटणार आहे. एकाच कर्जाच्या आलेखावरून काढलेली दोन समीकरणे आणि दोन्ही चुकीची. पहिल्याने कर्जदाराला आपली फसवणूक झाल्याचे वाटते, तर दुसऱ्याने तो हताश होतो.

याचे कारण या आलेखाचा चढ एक नाही, तो दरमहा बदलतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये २० लाखांच्या एका महिन्याच्या व्याजापोटी जातात आणि मुद्दल केवळ २,९९५ रुपयांनी घटते. शिल्लक कमी होत जाते तसे व्याज कमी होते आणि त्याच हप्त्यातील अधिक भाग मुद्दलाकडे वळतो. शेवटच्या हप्त्यात व्याज जेमतेम १३४ रुपये आणि मुद्दल सुमारे १७,८६० रुपये असते. म्हणून आलेख आरंभी संथपणे आणि अखेरीस वेगाने उतरणारा वक्र होतो. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत केलेली अंशतः मुदतपूर्व परतफेड अधिक लाभदायक का ठरते, याचेही उत्तर येथेच आहे. तेव्हा फेडलेल्या मुद्दलावरील व्याज पुढील अनेक वर्षांसाठी वाचते.

चक्रवाढ व्याजाच्या ठेवीबाबत हीच गोष्ट उलट दिशेने, ठेवीदाराच्या हिताची घडते. १,००,००० रुपयांवर ७ टक्के दराने सरळ व्याज धरल्यास २ वर्षांनी १,१४,००० रुपये होतात आणि वार्षिक चक्रवाढीने १,१४,४९०. आलेखावर हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. दहा वर्षांनी मात्र सरळ रेषा १,७०,००० रुपयांवर असते आणि चक्रवाढीचा वक्र सुमारे १,९६,७१५ रुपयांवर पोचलेला असतो.

सरळ रेषेमागील गृहीतक

कधी रेषा खरोखर सरळ असते, पण ती कशावर उभी आहे हे पाहावे लागते. काही कर्जांचे व्याज सपाट दराने आकारले जाते. १,००,००० रुपयांच्या कर्जावर १० टक्के सपाट दर असेल, तर मुदत व एकूण व्याज यांचा आलेख आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा होते : य = १०,००० × क्ष. तीन वर्षांचे व्याज ३०,००० रुपये आणि मासिक हप्ता सुमारे ३,६११ रुपये. समीकरण निर्दोष आहे. पण हप्त्यागणिक मुद्दल परत केले जात असतानाही ते संपूर्ण मुदतभर एक लाखच आहे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. घटत्या शिलकेवर १० टक्के दराने आकारणी केली असती, तर तीन वर्षांचे व्याज सुमारे १६,१६० रुपये झाले असते. सपाट १० टक्क्यांचा तो हप्ता घटत्या शिलकेच्या हिशेबाने दरसाल सुमारे १७.९ टक्के पडतो. म्हणून दोन कर्जांच्या दरांची तुलना करताना दोन्ही दर एकाच पद्धतीचे आहेत ना, याची खातरजमा केली पाहिजे.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ मधील परिपत्रकाचा ग्राहकांना मोठा आधार आहे. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे मुख्य तथ्यांचे विवरणपत्र, कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक झाले. त्यात शुल्कांसह सर्व खर्च विचारात घेणारा वार्षिक टक्केवारी दर आणि परतफेडीचे वेळापत्रक असते. हे वेळापत्रक म्हणजे तयार बिंदूंची यादीच होय. तिच्यातून हवा तो तिसरा बिंदू कोणालाही निवडता येतो.

बिंदू विखुरलेले असतील तर

प्रत्यक्ष व्यवहारातील सर्वच आकडे एका रेषेवर शिस्तीत बसत नाहीत. दुकानाची मासिक विक्री किंवा घरातील विजेचा वापर यांचे बिंदू रेषेच्या आसपास विखुरलेले असतात. अशा वेळी पारदर्शक पट्टी घेऊन बिंदूंच्या मधोमध जाणारी, दोन्ही बाजूंना साधारण सारखे बिंदू ठेवणारी रेषा ओढावी आणि तिच्यावरील दोन दूरचे बिंदू घेऊन समीकरण काढावे. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लघुतम वर्ग पद्धतीने हीच रेषा गणिताने निश्चित करता येते. संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये ही सोय असून समीकरणही आलेखावर छापून मिळते. तथापि, संगणक वक्राकार मांडणीतूनही विनातक्रार सरळ रेषा काढून देतो. ती रेषा बिंदूंना शोभते की नाही, हे पाहण्याचे काम माणसाकडेच राहते.

ग्राहक व कर्मचारी यांच्यासाठी

आलेखावरून समीकरण काढण्याचा क्रम थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येईल :

१. दोन्ही अक्षांवरील राशी, त्यांची एकके आणि अक्ष कोठून सुरू होतात, हे प्रथम वाचावे.

२. रेषेवरील दोन सुस्पष्ट व दूरचे बिंदू निवडावेत.

३. उभ्या अक्षावरील फरकास आडव्या अक्षावरील फरकाने भागून चढ काढावा आणि त्याचे एकक लिहावे.

४. एका बिंदूच्या आधारे अंतःखंड काढावा आणि व्यवहारात त्याचा अर्थ काय, हे स्वतःला विचारावे.

५. न वापरलेल्या तिसऱ्या बिंदूने, शक्य तर मधल्या भागातील बिंदूने, पडताळणी करावी.

६. समीकरण कोणत्या मर्यादेत लागू आहे, ते नोंदवावे.

यातील पाचवी पायरी सर्वांत लहान आहे आणि सर्वांत अधिक टाळली जाते. कोणत्याही दोन बिंदूंतून सरळ रेषा जातेच. त्यामुळे दोन बिंदूंच्या आधारे काढलेले समीकरण स्वतःच्या खरेपणाबद्दल काहीच सांगत नाही. तिसरा बिंदू जुळला तर समीकरणावर भरवसा ठेवून पुढचे नियोजन करता येते आणि जुळला नाही तर चूक वेळीच लक्षात येते. कर्जाच्या करारावर सही करण्यापूर्वी किंवा ठेवीची मुदत ठरविण्यापूर्वी वेळापत्रकातील मधल्या वर्षाचा आकडा पाहण्यास एखादे मिनिट लागते. शाखेतील कर्मचाऱ्याने ग्राहकासमोर ते वेळापत्रक उघडून मधल्या वर्षावर बोट ठेवले, तर पुढे अनेक वर्षांनी उद्भवणारा गैरसमज त्याच दिवशी दूर होऊ शकतो.